कळ की पत्ता? एसकेओव्ही-३ या पेशीवंशाचं प्रकरण

१९७३ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात एका ६४ वर्षांच्या बाईच्या पोटातल्या पाण्यातून काही पेशी वेगळ्या काढल्या गेल्या. अंडाशयाच्या कर्करोगात पोटात पाणी साठतं. पोट ताणतं, जेवण जात नाही, आडवं झालं की धाप लागते. सुई घालून ते पाणी काढलं की थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा भरतं. काढलेलं पाणी एरवी तपासणीपुरतं ठेवून बाकीचं टाकून देतात. या वेळी त्यातल्या पेशी प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवायला ठेवल्या आणि त्या वाढल्या. नुसत्या वाढल्या नाहीत, थांबल्याच नाहीत. स्लोन-केटरिंगचं 'एसके', ओव्हरीचं 'ओव्ही' आणि क्रमांक तीन, असं त्यांचं नाव पडलं: एसकेओव्ही-३. एकाच माणसापासून निघून अशा वाढत राहणाऱ्या पेशींना पेशीवंश म्हणतात. त्या बाईबद्दल नोंदीत एवढंच आहे: वय ६४, गौरवर्णीय, निदान अंडाशयाचा ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कर्करोग.

पन्नास वर्षांहून जास्त काळ त्या पेशी जगभरच्या इन्क्युबेटरांमध्ये ३७ अंशांवर वाढताहेत. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशीवंश पुरवणारं भांडार तिथं आहे, आणि भारतातल्या कितीतरी शोधनिबंधांत एसकेओव्ही-३ 'पुण्याहून आणल्या' असा उल्लेख सापडतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटून पसरलेल्या दिसतात. जीवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना कर्करोगाची पेशी दाखवायची झाली, तर दाखवायला या फार सोयीच्या आहेत. त्यांची ही सोयच या प्रकरणात पुढे महत्त्वाची ठरते.

प्रकरण असं आहे. या पेशींच्या पृष्ठभागावर हर-२ नावाच्या एका ग्राहीची, म्हणजे रिसेप्टरची, अफाट गर्दी आहे. त्या ग्राहीला अडवलं तर अंडाशयाचा कर्करोग थांबेल, अशी आशा १९८९ पासून धरली गेली. स्तनाच्या कर्करोगात ती खरी ठरली, अंडाशयाच्या बाबतीत सपशेल फसली, आणि तीस-पस्तीस वर्षांनी तोच ग्राही अगदी वेगळ्या कामासाठी उपयोगी पडला. हे का झालं, हे नीट कळलं तर वाढ-घटकांचे ग्राही या आजारात नेमकं काय करतात हेही कळतं.

निरोप ऐकणारी पेशी

शरीरातल्या पेशीला स्वतःच्या मर्जीनं विभागायची मुभा नसते. शेजारून किंवा रक्तातून 'वाढ' असा निरोप यावा लागतो. हा निरोप म्हणजे वाढ-घटक, एक छोटं प्रथिन. यातलं पहिल्या काही ओळखल्या गेलेल्यांपैकी एक, ईजीएफ, स्टॅनली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीत सापडलं. नवजात उंदरांना ते टोचल्यावर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले, त्यावरून त्यांना त्याचा माग लागला. १९८६ साली रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

निरोप घेणारा ग्राही पेशीच्या आवरणात आरपार रुतलेला असतो. बाहेरचा भाग वाढ-घटकाला पकडतो, आतला भाग कायनेज असतो, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम. बाहेर वाढ-घटक बसला की दोन ग्राही एकत्र येतात, एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेट लावतात, आणि तिथून निरोप आत पळत सुटतो. मुख्य वाटा दोन. रास आणि एमएपी-कायनेजची वाट पेशीला विभागायला सांगते. पीआय-३-कायनेज आणि एकेटीची वाट 'मरू नकोस, साखर खा, तग धर' असं सांगते. पेशीचा सांगाडा हलवून तिला सरकायला लावणारे निरोपही याच वाटांवरून फुटतात. म्हणून वाढ आणि पसरणं या दोन गोष्टी आपण वेगळ्या मोजत असलो, तरी पेशीच्या आत त्यांची सुरुवात बऱ्याचदा एकाच ठिकाणी होते.

ईजीएफच्या ग्राहीचं कुटुंब चौघांचं आहे: ईजीएफआर (त्यालाच हर-१ म्हणतात), हर-२, हर-३ आणि हर-४. यातले मधले दोघे चमत्कारिक आहेत. हर-२ ला स्वतःचा वाढ-घटकच नाही. तो कुणाचंही ऐकत नाही, पण सदैव जोडी करायच्या पवित्र्यात उभा असतो. हर-३ ऐकतो, न्यूरेग्युलिन नावाचा वाढ-घटक पकडतो, पण त्याचं कायनेज जवळजवळ निकामी आहे. एकाला कान नाहीत, दुसऱ्याला हात नाहीत. दोघे एकत्र आले की आपल्याकडच्या अंधपंगुन्यायातल्या जोडीसारखे धावतात, आणि या कुटुंबातली सगळ्यात जोरदार जोडी हीच मानली जाते, कारण हर-३ च्या शेपटीवर पीआय-३-कायनेजला धरून ठेवणाऱ्या अनेक जागा आहेत.

एसकेओव्ही-३ मध्ये हर-२ च्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती आहेत. त्यामुळे पेशीच्या अंगावर हर-२ लाखोंच्या संख्येत उभे असतात. इतक्या दाटीत जोडी जुळायला बाहेरच्या निरोपाची फारशी गरजच उरत नाही.

१९८९

डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं, की स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठींपैकी सुमारे ३० टक्क्यांत हर-२ चं जनुक वाढलेलं आहे आणि त्या बायकांचा आजार लवकर उलटतो. १९८९ साली त्याच नियतकालिकात त्यांचा पुढचा निबंध आला. त्यात स्तनाबरोबर अंडाशयही होतं. अंडाशयाच्या १२० गाठी तपासल्या होत्या, आणि साधारण चौथ्या हिश्श्यात तोच प्रकार दिसला. ज्यांच्यात हर-२ जास्त, त्यांचं आयुष्य कमी.

तेव्हाची आशा समजून घेतली पाहिजे. हा आजार बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडतो, कारण सुरुवातीची लक्षणं पोट फुगणं, अपचन, वारंवार लघवीला जाणं अशी असतात. घरात कुणी ती गंभीरपणे घेत नाही, बाई स्वतःही घेत नाही. भारतात बायकांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखानंतर हा तिसरा मोठा कर्करोग आहे, आणि आपल्याकडेही चित्र हेच. प्लॅटिनमच्या औषधांनी गाठी विरघळतात, पण बहुतेकींमध्ये आजार परत येतो. अशा वेळी कुणी सांगितलं, की चारातल्या एकीच्या गाठीवर एक ठळक कळ, म्हणजे चालू-बंद करायचं बटण, दिसते आहे, ती बंद करता येईल, तर कोण थांबेल? हर-२ ला चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार होतच होती. त्यातूनच पुढे ट्रास्टुझुमॅब आलं आणि १९९८ साली स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झालं.

अंडाशयासाठी प्रयोगाच्या टेबलावर कोण? ज्यांच्या अंगावर हर-२ खच्चून भरलेलं आहे, ज्या फ्लास्कमध्ये सहज वाढतात आणि उंदराच्या पोटात टोचल्या तर गाठी करतात, त्या एसकेओव्ही-३.

उंदराच्या पोटात

प्रकरणाचा सगळ्यात समृद्ध भाग हा आहे, आणि तो फसवा नव्हता, हे आधीच सांगतो.

१९९३ साली ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात दिहुआ यू आणि मियेन-ची हंग यांच्या गटानं एसकेओव्ही-३ पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या पोटात टोचल्या. उंदराच्या पोटात पाणी झालं. त्या पाण्यातून पेशी परत काढून वाढवल्या आणि त्यांना एसकेओव्ही-३-आयपी-१ असं नाव दिलं. एका बाईच्या पोटातल्या पाण्यातून निघालेल्या पेशी पुन्हा एकदा पोटातल्या पाण्यातून गेल्या होत्या, आणि या फेरीत त्यांची निवड झाली होती. नव्या पेशींवर हर-२ मूळ पेशींपेक्षाही जास्त होतं. त्या जोमानं वाढत, उंदरांना लवकर मारत. ॲडिनोव्हायरसचं ई-१-ए नावाचं जनुक त्यांच्यात घातलं, की हर-२ खाली येई आणि पेशींचा जोरही उतरे. म्हणजे पोटातल्या वातावरणात हर-२ जास्त असलेल्या पेशींचा निभाव लागत होता. निदान या पेशींच्या बाबतीत तरी ग्राहीचा आणि आक्रमकपणाचा संबंध खरा होता.

पोटातलं ते वातावरण कसं असतं, हे पाहायलाच हवं. बहुतेक कर्करोग रक्तवाहिन्यांतून किंवा लसिकावाहिन्यांतून पसरतात. अंडाशयाच्या कर्करोगाला पोटाची पोकळी आयती मिळालेली असते. पेशी गाठीवरून सुटतात, पाण्यात तरंगतात, आणि एकट्या मरू नयेत म्हणून गोळे करून राहतात. पृष्ठभागापासून सुटलेल्या पेशीनं खरं तर मरायला हवं, शरीराचा तसा नियमच आहे. ती मरत नाही याचं एक कारण ग्राहींकडून सतत येणारा एकेटीचा निरोप. मग श्वासाबरोबर आणि आतड्यांच्या हालचालीबरोबर ते पाणी पोटभर फिरतं, आणि गोळे कुठे ना कुठे रुजतात. त्यांची सगळ्यात आवडती जागा ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर झालरीसारखी लोंबणारी चरबीची घडी. तिथं त्यांना चरबीचं इंधन मिळतं.

ते पाणीही नुसतं पाणी नसतं. त्यात लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड नावाचा एक लहानसा स्निग्ध रेणू भरपूर असतो. हा रेणू ईजीएफआरला थेट बसत नाही. तो वेगळ्या ग्राहीवर बसतो, त्यामुळे पेशीच्या अंगावर बांधून ठेवलेला एक वाढ-घटक कापला जाऊन सुटतो, आणि तो जाऊन ईजीएफआरला लागतो. शेजारच्या घराची बेल वाजवून आपलं दार उघडून घेतल्यासारखं हे आहे. अशा आडवाटा आहेत, म्हणून एका ग्राहीचं दार बंद केलं की काम झालं, असं मानणं किती धाडसाचं आहे, हे इथंच लक्षात यायला हवं होतं.

२०१४ साली एमडी अँडरसनमधूनच अनिल सूद यांच्या गटानं एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यानं तर या 'पाण्यातून पसरणं' या समजुतीलाच धक्का दिला. त्यांनी दोन उंदीर कातडीनं एकमेकांना जोडले, असे की दोघांचं रक्त एक व्हावं पण पोटाच्या पोकळ्या वेगळ्या राहाव्यात. एका उंदरात एसकेओव्ही-३-आयपी-१ पेशी सोडल्या. पाहुण्या उंदराच्या पोटात त्या पाण्यातून जाऊच शकत नव्हत्या. तरीही त्याच्या ओमेंटममध्ये गाठी आल्या. गेल्या त्या रक्तातून. आणि त्या पेशींमध्ये हर-३ वाढलेलं होतं. ओमेंटममध्ये न्यूरेग्युलिन भरपूर असतं. म्हणजे ज्याला कान आहेत पण हात नाहीत, तो हर-३ पेशीला ओमेंटमकडे खेचून नेत होता. हर-३ दाबल्यावर या गाठी कमी झाल्या.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. ग्राही पेशीला किती वेगानं वाढायचं एवढंच सांगत नाही, कुठे जाऊन राहायचं हेही सांगतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

बायकांमध्ये

आता चाचण्या. त्याबद्दल मी लांबण लावणार नाही, आकडे पुरेसे बोलके आहेत.

अमेरिकेच्या गायनेकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुपनं ट्रास्टुझुमॅबची चाचणी केली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. आजार परतलेल्या किंवा न हटलेल्या ८३७ बायकांच्या गाठी हर-२ साठी तपासल्या. पुरेसं हर-२ फक्त ९५ जणींत सापडलं, ११.४ टक्के. १९८९ चा चौथा हिस्सा इथंच निम्म्याहून खाली आला. त्यातल्या ४१ जणींचा निकाल मोजता आला. तिघींच्या गाठी आक्रसल्या, म्हणजे ७.३ टक्के. आजार पुन्हा वाढायला लागायचा मध्यम काळ, म्हणजे निम्म्या जणींचा ज्याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त तो, दोन महिने.

मग ईजीएफआरचं दार बंद करून पाहिलं. एर्लोटिनिब ही गोळी फुप्फुसाच्या काही कर्करोगांत उत्तम चालते. युरोपातल्या मोठ्या चाचणीत केमोथेरपी झालेल्या ८३५ बायकांना दोन गटांत वाटलं. एका गटाला दोन वर्षं एर्लोटिनिब, दुसऱ्याला नुसतं लक्ष ठेवणं. आजार परत येईपर्यंतचा मध्यम काळ १२.७ महिने आणि १२.४ महिने. फरक शून्यासारखाच. गोळीमुळे पुरळ आणि जुलाब मात्र झाले.

पर्टुझुमॅब ही प्रतिपिंड हर-२ ला जोडी करू देत नाही, म्हणजे त्या अंधपंगू जोडीच्या मध्येच उभी राहते. प्लॅटिनमला न जुमानणाऱ्या आजारात, हर-३ कमी असलेल्या १५६ बायका निवडून ती केमोथेरपीबरोबर दिली. आजार रोखायचा काळ २.६ वरून ४.३ महिन्यांवर गेला, पण फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. २०१६ साली निकाल आला, आणि त्या वाटेवरची आशा बरीचशी मावळली.

हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये असं मला मनापासून वाटतं. ४१, ८३५, १५६ या आकड्यांमागे दर वेळी एक बाई आहे, जिनं आपल्याला फायदा होईलच असं नाही हे ऐकून सही केली होती. 'औषध चालत नाही' हे ज्ञान त्यांनी दिलेलं आहे.

पाणी कुठे मुरलं

फ्लास्कमध्ये आणि उंदरात ग्राही इतका महत्त्वाचा, मग बायकांमध्ये तो अडवून काही होईना, असं का?

पहिलं कारण एसकेओव्ही-३ च्या ओळखीतच आहे. अंडाशयाचा कर्करोग असं आपण म्हणतो, पण तो एक आजार नाही. सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात जास्त बळी घेणारा प्रकार हाय-ग्रेड सीरस म्हणून ओळखला जातो. तो बहुधा अंडाशयात सुरूसुद्धा होत नाही, अंडवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो. २०११ साली कॅन्सर जीनोम ॲटलस या प्रकल्पानं अशा ४८९ गाठींची जनुकं वाचली. ९६ टक्क्यांत पी-५३ चं, म्हणजे बिघडलेल्या पेशीला आवर घालणारं, जनुक मोडलेलं होतं, गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे झालेले होते, पण ग्राहींच्या जनुकांतले थेट बिघाड तुरळक. हर-२ वाढलेल्या गाठी त्यात फार थोड्या. हर-२ वाढलेलं सापडतं ते म्युसिनस या विरळ प्रकारात, तिथं जवळपास पाचव्या हिश्श्यात.

२०१३ साली न्यूयॉर्कच्या एका गटानं ४७ पेशीवंश घेऊन त्यांचं जनुकीय चित्र खऱ्या हाय-ग्रेड सीरस गाठींशी ताडून पाहिलं. सगळ्यात जास्त वापरले जाणारे दोन वंश, एसकेओव्ही-३ आणि ए-२७८०, खऱ्या गाठींशी सगळ्यात कमी जुळणाऱ्यांत निघाले. कुरामोची आणि ओव्हीसाहो ही जपानी नावं असलेले, फारसं कुणी न वापरलेले वंश सगळ्यात जवळचे होते. एसकेओव्ही-३ मध्ये एरिड-१-ए हे जनुक मोडलेलं आहे, पीआय-३-कायनेजच्या जनुकात एक ओळखीचा बिघाड आहे. ही खूण हाय-ग्रेड सीरसची नाही, एंडोमेट्रिऑइड आणि क्लिअर सेल या अंडाशयाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकारांची आहे.

मी बरीच वर्षं वर्गात 'ही बघा अंडाशयाच्या कर्करोगाची पेशी' असं म्हणत आलो. आता तसं म्हणत नाही. 'ही एका बाईच्या अंडाशयाच्या कर्करोगाची पेशी' असं म्हणतो. एक शब्द वाढतो, पण मुलांच्या पुढच्या निबंधात फरक पडतो.

पीआय-३-कायनेजचा तो बिघाड दुसऱ्या कारणाकडे नेतो, आणि मला वाटतं मुख्य कारण तेच. ग्राही वर आहे, पीआय-३-कायनेज त्याच्या खाली. खालची वाट आधीच स्वतःहून चालू असेल तर वरची कळ बंद करून उपयोग काय? नळ बंद केला तरी पाइप फुटलेला असेल तर घरात पाणी येतच राहतं. एसकेओव्ही-३ वर हर-२ खच्चून असूनही या वाटेला हर-२ ची तितकी गरज नसावी, आणि ट्रास्टुझुमॅबनं या पेशी फ्लास्कमध्ये फार दबतही नाहीत, हे या क्षेत्रातल्या लोकांना परिचित आहे. हाय-ग्रेड सीरसमध्ये गुणसूत्रांची इतकी उलथापालथ असते, की एका ग्राहीवाचून अडणारी गाठ तिथं विरळच. त्यात लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिडसारख्या आडवाटा, आणि एक ग्राही अडवला की त्याची जागा घ्यायला मेट, ॲक्सल असे दुसऱ्या कुटुंबांतले ग्राही.

म्हणजे दोन प्रश्न वेगळे आहेत. ग्राही पेशीवर *आहे* का, आणि ग्राही पेशीला *चालवतो* का. १९८९ चा निबंध पहिल्या प्रश्नाचं उत्तर होता. 'आयुष्य कमी' हे त्यातलं निरीक्षण आपण दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर म्हणून वाचलं.

ज्या ग्राहीवर औषध चाललं

एक ग्राही मात्र अडवून उपयोग झाला, आणि तो कर्करोगाच्या पेशीवरचा नव्हताच म्हटलं तरी चालेल.

१९८३ साली बॉस्टनमध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरल्ड ड्वोरॅक यांना गाठी असलेल्या गिनीपिगच्या पोटातल्या पाण्यात एक प्रथिन सापडलं. त्यानं रक्तवाहिन्या झिरपायला लागत. ही गोष्ट मला नेहमी जिव्हाळ्याची वाटते: ज्याला आपण आज व्हीईजीएफ म्हणतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटवणारा वाढ-घटक म्हणून ओळखतो, तो पहिल्यांदा पकडला गेला तो पोटातल्या पाण्याचा गुन्हेगार म्हणून. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी व्हीईजीएफ भरभरून सोडतात. त्याचा ग्राही रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतो. वाहिन्या फुटतात, गाठीला रक्त मिळतं. वाहिन्या गळतात, पोटात पाणी साठतं. आणि तेच पाणी पुढे पेशींना वाहून नेतं. वाढ, पाणी, पसरणं ही तिन्ही या एका जोडीशी येऊन मिळतात.

बेव्हॅसिझुमॅब व्हीईजीएफलाच पकडून ठेवतं, ग्राहीपर्यंत पोचू देत नाही. १,८७३ बायकांच्या अमेरिकी चाचणीत केमोथेरपीबरोबर आणि नंतरही ते दिलं, तेव्हा आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ १०.३ वरून १४.१ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य मात्र वाढलं नाही. ज्यांचा आजार फार पसरलेला होता त्यांच्यात थोडा फायदा दिसला, हे १,५२८ बायकांच्या युरोपीय चाचणीतून पुढे आलं. प्लॅटिनमला न जुमानणाऱ्या आजारात ३६१ बायकांच्या चाचणीत तो काळ ३.४ वरून ६.७ महिन्यांवर गेला, आणि पोटातलं पाणी पुन्हा पुन्हा काढायची वेळ स्पष्टपणे कमी आली. आयुष्याच्या आकड्यांपुढे ही गोष्ट लहान वाटेल. ज्या घरात दर आठवड्याला पाणी काढायला रुग्णालयात न्यावं लागतं, त्या घराला ती लहान वाटणार नाही.

जोखीमही खरी आहे. आधीच्या एका छोट्या चाचणीत ४४ जणींपैकी पाच जणींच्या आतड्याला भोक पडलं, आणि चाचणी थांबवावी लागली. आजार आतड्याला चिकटलेला असेल तर हे औषध द्यावं का, हा विचार तेव्हापासून कायमचा जोडला गेला. भारतीय कंपन्यांचं बेव्हॅसिझुमॅब बाजारात आल्यापासून आपल्याकडे हा विचार पूर्वीपेक्षा जास्त घरांपुढे येतो. आतड्याचा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारायलाच हवा.

पत्ता

आता पुन्हा हर-२.

ट्रास्टुझुमॅब हर-२ ची कळ बंद करायला गेलं होतं. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन या औषधात प्रतिपिंड तीच, पण तिच्या पाठीवर पेशीचा डीएनए तोडणारं एक जहाल औषध बांधलेलं असतं. प्रतिपिंड हर-२ ला धरते, पेशी तिला ग्राहीसकट आत ओढून घेते, आत गेल्यावर दुवा तुटतो आणि विष सुटतं. ते शेजारच्या पेशींतही झिरपतं, त्यामुळे हर-२ कमी असलेल्या शेजारणीही सुटत नाहीत. इथं हर-२ पेशीला चालवतो की नाही, याला महत्त्व उरत नाही. तो दारावरची पाटी म्हणून हवा. टपाल पोचतं, एवढं पुरे.

वेगवेगळ्या अवयवांचे कर्करोग असलेल्या २६७ रुग्णांच्या एका चाचणीत अंडाशयाचा कर्करोग असलेल्या ४० बायका होत्या. त्यांतल्या ४५ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या. ज्यांच्या गाठींवर हर-२ सगळ्यात ठळक, म्हणजे ३+, अशा अकरा जणी होत्या. त्यांत सातजणींना फायदा झाला. गट लहान आहे, हे खरं. पण २००३ चे ७.३ टक्के आठवले की फरक डोळ्यांत भरतो. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ३+ असलेल्या, दुसरा चांगला इलाज न उरलेल्या कुठल्याही अवयवाच्या गाठीसाठी हे औषध मान्य केलं. फुप्फुसाला सूज येण्याची त्याची जोखीम गंभीर आहे, कोरडा खोकला किंवा नवी धाप दुर्लक्षून चालत नाही.

त्यामुळे अंडाशयाच्या गाठीवर हर-२ चा रंग करून पाहणं, म्हणजे गाठीच्या तुकड्यातलं हर-२ दिसावं म्हणून ते रंगवणं, जे मधल्या काळात बहुतेक ठिकाणी बंदच पडलं होतं, ते पुन्हा सुरू होतं आहे. पॅथॉलॉजीकडे गाठीचा मेणातला तुकडा वर्षानुवर्षं जपून ठेवलेला असतो. आजार परतला असेल आणि इलाज संपत आले असतील, तर त्या जुन्या तुकड्यावर ही तपासणी झाली आहे का, हे विचारण्यासारखं आहे. रंग किती गडद याची प्रतवारी ०, १+, २+, ३+ अशी असते, आणि ती प्रयोगशाळेगणिक बदलली तर औषध चुकीच्या बाईला मिळेल किंवा योग्य बाईला मिळणार नाही. म्हणून रंग नीट उतरतोय का हे पाहायला ओळखीच्या पेशींचा नमुना सोबत रंगवतात. ब्रिटनमधल्या गुणवत्ता-तपासणी योजनेनं त्यासाठी चार पेशीवंश एका काचपट्टीवर बसवून प्रयोगशाळांना पाठवले. शून्य, एक आणि दोनच्या जागी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी होत्या. ३+ कसा दिसतो ते दाखवायला ठेवल्या होत्या एसकेओव्ही-३.